चिपाडातले सूत : बगॅसपासून नॅनोतंतू कसे निघतात आणि त्यात आपल्या पदरात काय पडेल?



गुऱ्हाळाच्या काळात उसाचे चिपाड चुलवणात गेले. कारखाने आले तेव्हा ते बॉयलरमध्ये गेले. पुढे सहवीजनिर्मिती आली, वीज विकता येऊ लागली, आणि बगॅसलाही दर असतो हे आपल्याला कळले. आता परिसंवादांतून आणि वर्तमानपत्रांतून ‘नॅनोसेल्युलोज’ हा नवा शब्द कानावर येतो आहे. बगॅसपासून पोलादाहून मजबूत धागा निघतो, त्याला मोठा भाव आहे, असे कोणी सांगितले की साहजिकच मनात येते, मग आपण तो जाळतो कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्याआधी हा धागा म्हणजे काय, तो चिपाडातून काढतात कसा आणि त्याला खर्च किती, हे नीट समजून घेतले पाहिजे. उद्या असा प्रकल्प कोणी सर्वसाधारण सभेपुढे मांडला, तर हात वर करणारे आपणच असणार आहोत.

साखर आणि चिपाड, एकाच घरची भावंडे

उसाच्या पानात सूर्यप्रकाशावर जे अन्न तयार होते त्यातून ग्लुकोज ही साधी साखर मिळते. ग्लुकोजचा एक कण आणि फ्रुक्टोजचा एक कण जोडला की आपली पांढरी साखर झाली. आणि ग्लुकोजचेच हजारो कण एकापुढे एक ओवून लांब माळ केली की सेल्युलोज झाले. अशा साखरेच्या कणांच्या लांब माळांना बहुशर्करा म्हणतात. म्हणजे रसातली गोडी आणि चिपाडातला दोर यांचा कच्चा माल एकच.

ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च हीसुद्धा ग्लुकोजचीच माळ. मग भाकरी पचते आणि चिपाड का पचत नाही? फरक आहे तो मणी जोडण्याच्या पद्धतीत. स्टार्चमध्ये मणी असे जोडलेले असतात की माळ वळते, तिची गुंडाळी होते, आणि आपल्या पोटातील पाचक रस ती सहज तोडतात. सेल्युलोजमध्ये प्रत्येक मणी मागच्याच्या मानाने उलटा बसतो. त्यामुळे माळ सरळ, ताठ राहते, शेजारच्या माळेला घट्ट चिकटते, आणि पाण्यात विरघळत नाही. गाई-म्हशींच्या पोटातील जंतूंना ती तोडता येते, माणसाला येत नाही.

वनस्पतीतला हा पदार्थ १८३८ साली फ्रान्समधील आन्सेल्म पायेन यांनी वेगळा करून दाखवला. तो लांबच लांब साखळीचा बनलेला आहे हे मात्र बराच काळ कोणी मानायला तयार नव्हते. जर्मनीचे हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून हे मत नेटाने मांडले आणि त्या कामाबद्दल त्यांना १९५३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोरातला दोर

नाडा किंवा सोल उकलून पाहिला तर त्यात पेड दिसतात. पेड उकलला की सुतळी, सुतळी उकलली की वाखाचे बारीक धागे. चिपाडाचेही असेच आहे. हाताला लागणारी चिपाडाची शिरी उकलली तर तिच्यात सुमारे एक-दीड मिलिमीटर लांबीचे आणि साधारण २० मायक्रॉन जाडीचे तंतू सापडतात. कागद होतो तो या तंतूंचा. पण खेळ तिथे संपत नाही. हा प्रत्येक तंतूसुद्धा असंख्य अतिबारीक धाग्यांची मोळी असतो. ते धागे काही नॅनोमीटर ते काही डझन नॅनोमीटर जाडीचे. यांनाच नॅनोतंतू म्हणायचे.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. यावरून अंदाज करावा.

एवढा बारीक धागा मजबूत का? कारण त्यात सरळ माळा एकमेकींना लगटून ओळीत बसलेल्या असतात. जाड तंतूत मात्र कुठे पोकळी, कुठे गाठ, कुठे कच्चा भाग असतोच, आणि दोर तुटतो तो तिथेच. नॅनोतंतूचे वजन पोलादाच्या सुमारे एक पंचमांश, आणि वजनाच्या मानाने ताण सोसण्याची ताकद पोलादाहून कितीतरी जास्त. पण हे लक्षात ठेवावे की ही ताकद एकट्या धाग्याची आहे. तो प्लास्टिकमध्ये किंवा कागदात मिसळून जी वस्तू तयार होते तिची ताकद त्या मिसळणीवर ठरते. चांगल्या वाखाचा दोरसुद्धा वळणारा कच्चा असेल तर तुटतो.

पहिली वाट : शिजवणे, धुणे, उकलणे

अंबाडीचा वाख काढायचा तर पेंढ्या पाण्यात कुजत घालाव्या लागतात, कारण धागे नैसर्गिक डिंकाने जखडलेले असतात. चिपाडातही तीच अडचण आहे. कोरड्या बगॅसमध्ये सेल्युलोज साधारण ४० ते ४५ टक्के. बाकीच्यात हेमिसेल्युलोज नावाची दुसरी बहुशर्करा सुमारे पाव भाग, आणि लिग्निन हा तपकिरी, चिवट पदार्थ सुमारे पाचवा भाग. थोडी राख, माती, मेण. लिग्निन म्हणजे चिपाडाचा सिमेंट समजा. तो काढल्याशिवाय धागा सुटत नाही.

म्हणून आधी बगॅस चाळून मऊ भुसकट, म्हणजे पिथ, वेगळे करतात. हा भाग साधारण तिसरा हिस्सा असतो. तो चांगला तंतू देत नाही, बॉयलरमध्येच बरा. उरलेला तंतूमय भाग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, दाबाखाली, १६० अंशांच्या आसपास शिजवतात. लिग्निन काळे पाणी होऊन निघते. मग लगदा धुऊन, विरंजन करून पांढरा करतात. इथपर्यंतचे काम कागद गिरणीचेच आहे, त्यात नवीन काही नाही.

नवीन आहे ते पुढचे. हा पांढरा लगदा भरपूर पाण्यात कालवून अशा यंत्रातून काढायचा की तंतू कापला न जाता उभा फाटत जाईल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, आयटीटी रेयोनियर कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत आल्बिन टर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी जे यंत्र वापरले ते आपल्या दूध संघातले आहे. होमोजिनायझर! दुधावर साय येऊ नये म्हणून ज्यातून दाबाने दूध काढतात तेच. फ्रान्सच्या ऑग्युस्त गोलँ यांनी १८९९ साली त्याचे पेटंट घेतले होते. दुधाला जो दाब देतात त्याच्या दुप्पट-तिपटीहून जास्त, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ५५० किलो दाबाने त्यांनी लाकडाचा लगदा बारीक फटीतून पुन्हा पुन्हा काढला. पातळ लगद्याची दह्यासारखी घट्ट खळ झाली. शंभर किलो खळीत सेल्युलोज फक्त दोन-तीन किलो, बाकी पाणी, तरी भांडे कलते केले तर पटकन ओघळत नाही. इतक्या बारीक धाग्यांचे जाळे पाण्याला धरून ठेवते. या कामाची पेटंटे १९८३ पासून निघाली.

जपानमध्ये हेच काम दगडी चक्कीवरही करतात. आपल्या जात्याची वरची तळी फिरते, तिथे वरचा दगड स्थिर आणि खालचा मिनिटाला दीड हजार फेरे घेतो, एवढाच फरक.

मग घोडं अडलं कुठं? विजेवर अडलं. सुरुवातीच्या पद्धतीने एक टन नॅनोतंतूला २० ते ३० हजार युनिट वीज लागे. एक टन ऊस गाळून साखर करायला साधारण २५ ते ३० युनिट लागतात हे लक्षात घेतले, तर एक टन धाग्याच्या विजेत जवळपास एक हजार टन ऊस गाळून होतो. या कारणाने शोध लागूनही पुढची पंचवीस-एक वर्षे तो बहुतांशी कागदावर राहिला.

वाट मोकळी झाली ती लगदा आधी ‘सैल’ करून घेण्याच्या युक्तीने. काहींनी सेल्युलोज कुरतडणारी विकरे वापरली. टोकियो विद्यापीठातील अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी दुसरी युक्ती काढली. तिच्यात लागणाऱ्या रसायनाचे नाव ‘टेंपो’. नाव ऐकून माल वाहणारा टेंपो डोळ्यापुढे येईल, पण हे रसायन धाग्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार बसवते. सगळ्या धाग्यांवर सारखाच भार आला की ते एकमेकांना ढकलतात, आणि थोड्या घुसळण्याने अवघ्या ३-४ नॅनोमीटर जाडीचे धागे सुटे होतात. २००६ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि २०१५ साली या दोघांना, त्यांचे सहकारी योशिहारू निशियामा यांच्यासह, स्वीडनचे मार्कुस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळाले. अशा पूर्वतयारीने विजेचा खर्च टनाला दोन हजार युनिटांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. मात्र रसायनांचा आणि सांडपाण्याचा खर्च त्यात वाढतो.

दुसरी वाट : विजेच्या ओढीने सूत

सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही म्हणून ते उकलावे लागते. ज्या बहुशर्करा विरघळतात त्यांचे सूत काढता येते. जत्रेत साखरेचे ‘म्हातारीचे केस’ करतात ते यंत्र चक्राच्या वेगाने तार काढते. इथे ओढ असते विजेची. दाट द्रावण सुईतून सोडायचे, सुई आणि समोरचा पत्रा यांच्यात १० ते ३० हजार व्होल्टचा दाब द्यायचा. शिवारातून जाणारी ११ हजारांची लाइन आठवा. थेंब ताणला जातो, त्याची तार हवेतच वाळते आणि पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा साठतो. या तंत्राचे एक महत्त्वाचे पेटंट आंतोन फोर्महाल्स यांनी १९३४ साली मिळवले.

यात आपल्या ओळखीची एक बहुशर्करा आहे. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला की रस चिकट होतो, गाळणी तुंबते, साखरेचे दाणे लांबट येतात, उतारा घटतो. हा प्रताप ल्युकोनोस्टॉक या जंतूचा. तो साखर खातो आणि ‘डेक्स्ट्रान’ नावाची बहुशर्करा तयार करतो. कारखान्याला नको झालेल्या याच डेक्स्ट्रानपासून १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये रक्तस्राव झालेल्या रुग्णाला शिरेतून देण्याचे द्रावण तयार झाले. आज प्रयोगशाळेत त्याचे नॅनोतंतूही विजेच्या ओढीने काढतात. जखमेवरच्या पट्ट्या, औषध हळूहळू सोडणारे पापुद्रे असा त्याचा विचार आहे.

पण कोणी याचा अर्थ शिळा ऊस चालेल असा काढू नये. औषधाचे डेक्स्ट्रान स्वच्छ टाकीत, मोजूनमापून वाढवतात. आपल्या रसातले डेक्स्ट्रान म्हणजे निव्वळ गेलेली साखर. शिवाय एका सुईतून तासाला जेमतेम काही ग्रॅम सूत निघते. ही वाट दवाखान्याकडे जाते, उसाच्या गाडीची ती वाट नाही.

माल खपतो कुठे?

जपानने या कामात आघाडी घेतली. तिथे २०१५ साली मोठ्या माणसांच्या डायपरमध्ये दुर्गंधी रोखण्यासाठी हे तंतू आले. जेल पेनाची शाई थांबून थांबून न उतरता एकसारखी यावी म्हणून ते शाईत घालू लागले. निप्पॉन पेपर कंपनीने २०१७ साली इशिनोमाकी येथील गिरणीत वर्षाला ५०० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू केला. २०१९ च्या टोकियो मोटर शोमध्ये सेल्युलोज नॅनोतंतूचे भाग बसवलेली नमुन्याची मोटार मांडली गेली. तिचे वजन दहा टक्क्यांहून जास्त घटले होते. याशिवाय रंग, सौंदर्यप्रसाधने, मजबूत कागद, हवा रोखणारी खाद्यपदार्थांची वेष्टने असे उपयोग आहेत.

आपल्या राज्यात मुंबईला माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २०१५ साली नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प उभा केला. तिथला मुख्य कच्चा माल कापसाचा. कापसात सेल्युलोज जवळजवळ शुद्ध असते, लिग्निन काढण्याची दगदग नाही. बगॅसला स्पर्धा कोणाची हे यावरून कळते. लाकूड आहे, कापूस आहे, भाताचा पेंढाही आहे.

आता हिशेब

शंभर टन ऊस गाळला की साधारण २८ टन ओला बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी. कोरडा माल १४ टन. भुसकट काढले की सुमारे १० टन. शिजवून, धुऊन, पांढरा केलेला लगदा चार-साडेचार टन. म्हणजे ढोबळमानाने शंभर टन उसामागे चार टन धागा.

वर सांगितलेला ५०० टनांचा प्रकल्प आपल्या दारी आला असे समजू. त्याला वर्षाचा कच्चा माल पुरवायला ११ ते १२ हजार टन ऊस पुरे. रोज ३,५०० टन गाळणाऱ्या कारखान्याचे हे साडेतीन दिवसांचे गाळप झाले! बाकी सगळ्या हंगामाचा बगॅस जिथल्या तिथे.

इथे खरी गोम आहे. धाग्याला भाव कितीही असो, जगात त्याचा खप अजून टनांत मोजतात आणि आपण बगॅस लाखांत मोजतो. त्यामुळे या एका धंद्याने टनामागचा ऊसदर उचलला जाईल अशी आशा कोणी दाखवली तर ती आजच्या घडीला फोल समजावी. बगॅस आपल्याकडे मुबलक आहे. कमी पडतील त्या गोष्टी म्हणजे गिऱ्हाईक, शुद्ध पाणी, काळ्या पाण्याची विल्हेवाट आणि सुकवण्याची कला.

सुकवण्याचे थोडे सांगतो. खळ तशीच पाठवायची तर टँकरमध्ये ९७ टक्के पाणी वाहून न्यावे लागते. आणि वाळवायची तर धागे पुन्हा एकमेकांना चिकटतात. भिजलेल्या वहीची पाने वाळल्यावर जशी सुटत नाहीत तसेच. मग इतक्या खर्चाने उकललेले सूत पुन्हा गाठोडे होते. गोठवून वाळवणे वगैरे उपाय आहेत, पण ते महाग. सबब असा प्रकल्प गिऱ्हाइकाच्या जवळ असावा लागतो.

बगॅस दुसरीकडे वळवला तर बॉयलर कशावर चालवायचा हाही प्रश्न आहे. एक टन बगॅस दोन टनांहून जास्त वाफ देतो. तामिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स या कंपनीने १९८४ पासून बगॅसचा कागद केला, तो साखर कारखान्यांना बगॅसच्या बदल्यात वाफ आणि इंधन पुरवूनच. कागदाला बगॅस भरपूर लागतो म्हणून तिथे ही अदलाबदल मोठी. नॅनोतंतूला थोडा लागेल, पण नियम तोच.

सभेत काय विचारावे?

हात वर करण्याआधी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात.

(१) माल घेणारा कोण? त्याने किती वर्षांचा, किती टनांचा लेखी करार केला आहे?

(२) टनाला वीज किती युनिट, पाणी किती, काळ्या पाण्याचे काय करणार? यंत्र विकणाऱ्याचा आकडा नको, चालू प्रकल्पातला दाखवा.

(३) माल ओला विकणार की वाळवून? वाळवून असेल तर पाण्यात घातल्यावर धागा पुन्हा सुटतो का, याची चाचणी कोणी केली?

(४) भागभांडवल कोणाचे, कर्जाला हमी कोणाची? तोटा आला तर तो साखरेच्या खात्यावर येणार का?

(५) प्रकल्पाला बगॅस कोणत्या दराने देणार?

हा पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रंगराजन समितीने २०१२ साली सुचवले की साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा असावा. त्या धर्तीवर महाराष्ट्राने २०१३ साली ऊस दराचा कायदा केला. या वाटणीत मोजला जातो तो बगॅस. बगॅसपासून पुढे भागीदारीत किंवा वेगळ्या कंपनीत कोणी काही उंची माल केला, तर त्याचा नफा त्या कंपनीच्या वहीत जातो. तेव्हा बगॅस कमी दराने नावे टाकला गेला तर धागा कितीही महाग विको, ऊसवाल्याचा वाटा तेवढाच कमी. ही गोष्ट नॅनोतंतूला लागू आहे तशीच बगॅसवर चालणाऱ्या प्रत्येक नव्या धंद्याला लागू आहे. दर बाजारभावाने, लेखी आणि दरवर्षी फेरतपासणी होणारा असावा, एवढे धरून बसावे.

नवे काही करूच नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आसवनी निघाली तेव्हा आणि सहवीजनिर्मिती आली तेव्हाही शंका होत्याच. पण पहिले पाऊल लहान असावे. संशोधन संस्थेकडे आपला बगॅस पाठवून त्याच्या लगद्याची प्रत तपासून घेणे, एखाद्या कागद किंवा रंग उत्पादकाबरोबर किलोच्या मापात चाचणी करणे, याला फार पैसा लागत नाही. त्यातून काही निष्पन्न झाले तर पुढचे पाऊल.

आणि एक काम तर आजच, आपल्या बांधावर होण्यासारखे आहे. उसाबरोबर येणारी माती, वाळू आणि पाचट बगॅसमध्येच उतरते. वाळूचे कण गिरणीचे रोलर झिजवतात, बॉयलरच्या नळ्या झिजवतात, आणि नॅनोतंतूच्या यंत्राची बारीक फट तर पाहता पाहता रुंद करतात. ऊस तोडताना स्वच्छ, मोळीत माती नको, आणि तोडल्यापासून लवकर गव्हाणीत, हे पथ्य पाळले तर उतारा वाढतो, डेक्स्ट्रान कमी होते आणि बगॅसही चांगला येतो. धागा निघो वा न निघो, या पथ्याचा फायदा याच हंगामाच्या उताऱ्यात दिसेल.